'पिक अप'चे अर्थ, आणि त्यातल्या 'अप'चं काम

प्रश्न असा आहे. मराठी माध्यमात शिकून आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या एका तरुणानं विचारलंय: "शाळेत 'पिक अप म्हणजे उचलणे' एवढंच पाठ केलं होतं. ऑफिसात दिवसभर वेगळंच कानावर पडतं. 'सेल्स हॅव पिक्ड अप.' 'लेट्स पिक धिस अप टुमॉरो.' 'शी पिक्ड अप मराठी इन सिक्स मन्थ्स.' 'कॅन यू पिक मी अप?' यात उचलणं कुठं आहे? आणि 'पिक' म्हटलं काय, 'पिक अप' म्हटलं काय, एकच नाही का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: एकच नाही. त्या 'अप'वाचून वाक्याचा अर्थ बदलतो, आणि आपल्याकडे सर्रास गळतो तो नेमका तोच शब्द. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय. पहिला प्रश्न मात्र सावकाश सोडवू.

शाळेत शिकलेला अर्थ टाकून देऊ नका. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि माझा अनुभव असा की 'उचलणे' हा शब्द नीट बघितला तर 'पिक अप' अर्ध्याहून अधिक कळून जातं. आपलं उचलणं तरी कुठं नुसतं जमिनीवरचं ओझं वर घेण्यापुरतं आहे? आपण फोन उचलतो. पोलीस संशयिताला रात्रीतून उचलतात. लहान पोर एकदा ऐकलेली चाल लगेच उचलतं. दिवाळीच्या तोंडावर बाजार उचल खातो. यातल्या एकाही वाक्यात वजन नाही, तरी आपण अडखळत नाही. इंग्रजीत या चारही ठिकाणी 'पिक अप' चालतं. तुमच्या भाषेनं अर्धी वाट आधीच चालून ठेवली आहे. घोटाळा होतो तो उरलेल्या अर्ध्या वाटेवर, जिथं मराठी एका बाजूला वळते आणि इंग्रजी दुसऱ्या.

'पिक अप'सारखी, छोटा शब्द जोडलेली क्रियापदं परक्यांना जड जातात हे इंग्रजांनाही फार पूर्वीपासून माहीत आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की, क्रियापदामागं एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची जी सवय आहे, तिचाच परकीयांना सगळ्यात जास्त त्रास होतो. अशा क्रियापदांचं 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच नंतरचं, १९२५ च्या सुमारास रूढ झालेलं.

आता अर्थांकडे. 'पिक अप'च्या मला दोन मोठ्या फांद्या दिसतात. एक, कुठंतरी असलेली गोष्ट आपल्या हाती येणं. दुसरी, खाली असलेलं वर चढणं. कोशात पंधरा-वीस अर्थ दिलेले असतात. ते पाठ करण्यात माझा विश्वास नाही. यादीतला 'पिक अप = शिकणे' हा जोड पाठ करणारा माणूस 'आय पिक्ड अप इंजिनिअरिंग इन फोर इयर्स' असं लिहितो, आणि ते चुकतं. का चुकतं हे पहिली फांदी बघितली की कळतं.

हाती येणं म्हणजे कसं येणं? मुद्दाम मांडी घालून, फी भरून, परीक्षा देऊन नव्हे. वाटेत पडलेलं सहज हाताला लागावं तसं. म्हणून बेळगावात राहता राहता कन्नड कानावर पडून जे जमायला लागतं, त्याला 'आय पिक्ड अप सम कन्नडा' म्हणतात. चार वर्षं कॉलेजात घासून मिळवलेल्या पदवीला हे क्रियापद लागत नाही; तिथं 'स्टडीड' किंवा 'लर्न्ड'. तुमच्या त्या वाक्यातल्या सहकारी बाईंनी मराठीचा क्लास लावला नव्हता, कँटीनमध्ये आणि रिक्षात ऐकून ती शिकल्या, एवढी सगळी माहिती त्या एका 'पिक्ड अप'मध्ये आहे.

आजाराचंही तसंच. सर्दी, पोटाचा संसर्ग, प्रवासात लागलेला ताप यांना 'पिक अप' चालतं: 'ही पिक्ड अप अॅन इन्फेक्शन ऑन द ट्रिप.' कुठून तरी लागला, न कळत लागला. मधुमेहाला किंवा रक्तदाबाला ते लावत नाहीत, कारण ते दुसऱ्याकडून लागत नाहीत. सवयी, उच्चाराची ढब, शिव्या हे सगळं 'पिक अप' होतं, कारण ते संगतीनं येतं. आपण म्हणतो ना, 'कुठून उचललंस हे?' अगदी तेच.

खरेदीतही तोच हलकेपणा. 'पिक अप सम मिल्क ऑन द वे होम' म्हणजे येता येता दूध घेऊन ये. यात दूध उचलून आणण्यापेक्षा 'येता येता'ला महत्त्व आहे. दोन वर्षं बँकेचे उंबरे झिजवून घेतलेल्या फ्लॅटला 'आय पिक्ड अप अ फ्लॅट' म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा माणूस भाजीसारखे फ्लॅट घेतो.

माणसाला 'पिक अप' करणं म्हणजे ठरलेल्या जागेवरून त्याला गाडीत घेणं, किंवा आणायला जाणं. इथं मराठीची वाट वेगळी आहे. 'आईला स्टेशनवरून उचललं' असं आपण गमतीतच म्हणू. इंग्रजीत ते साधं, रोजचं वाक्य आहे: 'आय पिक्ड माय मदर अप फ्रॉम द स्टेशन.' पार्सल, औषधं, तिकिटं, पासपोर्ट आणायला गेलात तरी हेच. औपचारिक लिहायचं असेल तर 'कलेक्ट' वापरा, पण तो शब्द माणसांबाबत ब्रिटिश बोलण्यात जास्त आढळतो.

इथं एक सावधगिरी. अनोळखी माणसाशी, विशेषतः बार किंवा पार्टीत, शरीरसंबंधाच्या हेतूनं ओळख वाढवण्यालाही 'पिक अप' म्हणतात. वाक्याची ठेवण तीच असते, म्हणून अर्थ भोवतालच्या शब्दांवर ठरतो. 'आय पिक्ड अप माय नीस फ्रॉम द एअरपोर्ट' यात कुणाला शंका येणार नाही. 'आय पिक्ड अप अ गर्ल लास्ट नाइट' एवढंच म्हणालात, तर समोरच्याच्या भुवया वर जातील. नातं किंवा नाव सांगा, ठिकाण सांगा, की वाक्य सरळ राहतं.

पोलिसांचा अर्थ तुम्हाला शिकवायची गरजच नाही. 'द पोलीस पिक्ड हिम अप फॉर क्वेश्चनिंग' म्हणजे चौकशीला उचललं. रीतसर अटक झाली असं त्यातून निघत नाही. मराठीतही निघत नाही.

यंत्रं जेव्हा 'पिक अप' करतात तेव्हा ती काहीतरी टिपतात. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपतात: 'द अँटेनाज पिक अप व्हेरी फेंट सिग्नल्स.' माइक आवाज 'पिक अप' करतो, कुत्रं वास 'पिक अप' करतं. इलेक्ट्रिक गिटारीवर तारांखाली जो लोहचुंबकाचा भाग बसवलेला असतो आणि तारांची कंपनं टिपतो, त्याचं नावच पिकअप.

याच फांदीवर 'पुन्हा हाती घेणं' येतं, आणि तुमच्या ऑफिसातलं 'लेट्स पिक धिस अप टुमॉरो' ते हेच. अर्धवट ठेवलेलं विणकाम आपण पुन्हा हातात घेतो, तशी चर्चा उद्या पुन्हा घ्यायची. 'लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ' हे त्याचंच पूर्ण रूप: जिथं सोडलं होतं तिथून पुढे.

बिलाचा अर्थ जाता जाता. 'द कंपनी विल पिक अप द टॅब' म्हणजे खर्च कंपनी करेल.

दुसरी फांदी, चढण्याची. इथं बहुतेक वेळा कर्म नसतंच. गोष्ट आपोआप वर येते. 'सेल्स हॅव पिक्ड अप', म्हणजे विक्रीनं उचल खाल्ली. 'द विंड पिक्स अप इन द आफ्टरनून', म्हणजे दुपारी वारा वाढतो. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलेल्या कुणालाही हे वाक्य समजेल. गाडी स्टेशन सोडून 'पिक्स अप स्पीड'. ऑपरेशननंतर रुग्णाच्या अंगात हळूहळू ताकद येऊ लागली की 'शी इज पिकिंग अप नाइसली'. कर्म नसल्यामुळे यांचा कर्मणी प्रयोग होत नाही. 'द बिझनेस वॉज पिक्ड अप' असं विद्यार्थी लिहितात, तेव्हा त्याचा अर्थ धंदा सुधारला असा न होता कुणीतरी तो घेतला असा होतो.

आणि एक ठिकाण असं, जिथं मराठी 'उचल' तुम्हाला फसवेल. 'जुन्या गुडघेदुखीनं परत उचल खाल्ली' यातली उचल वाईट आहे. इंग्रजीत तिथं 'फ्लेअर्ड अप' म्हणा. 'पिक्ड अप' म्हटलंत तर ऐकणारा गोंधळेल, कारण तब्येतीच्या बाबतीत तो शब्द सुधारण्याकडे झुकलेला आहे.

आपण मराठीत 'पिकअप' हे नाम अगदी घरचं करून टाकलंय. 'गाडीला पिकअप नाही', 'धंद्यानं पिकअप घेतला', 'पिक्चर इंटरव्हलनंतर पिकअप घेतो'. मराठी बोलताना हे खुशाल म्हणा, त्यात काही वावगं नाही. पण तेच उलटं इंग्रजीत नेऊन 'द मूव्ही टेक्स पिकअप आफ्टर इंटरव्हल' करू नका. तिथं क्रियापदच हवं: 'द फिल्म पिक्स अप इन द सेकंड हाफ.' गाडीचा पिकअप मात्र अमेरिकन इंग्रजीत आहे. ब्रिटिश माणूस 'अॅक्सिलरेशन' म्हणेल. आणि मालवाहू पिकअप म्हणाल, तर फोर्ड कंपनीनं १९२५ साली मॉडेल टी ही मोटार मागच्या हौद्यासकट कारखान्यातूनच तयार करून विकायला काढली, तेव्हा त्या हौद्याला 'पिकअप बॉडी' हेच नाव होतं. नामाचा उच्चारही वेगळा आहे. नामात जोर 'पिक'वर पडतो आणि दोन्ही शब्द एकत्र लिहितात किंवा मध्ये छोटी रेघ देतात. क्रियापदात दोन शब्द सुटे, आणि 'अप'ही स्पष्ट ऐकू येतो. भूतकाळात ते 'पिक्टप' असं एका दमात येतं. परदेशी माणसाच्या तोंडून आलेलं 'पिक्टप' आपल्या कानाला शब्द म्हणून लागतच नाही. ऐकण्याचा सराव करताना कानाला हे एक रूप शिकवलंत तरी बराच फरक पडेल.

आता तो गळणारा 'अप'.

'आय विल पिक यू अॅट सिक्स.' 'ही इज नॉट पिकिंग माय कॉल.' 'पिक मी फ्रॉम द ऑफिस.' ही वाक्यं मी रोज ऐकते, सुशिक्षित माणसांकडून ऐकते. भारतात सगळ्यांना कळतात, म्हणून कुणी टोकत नाही. पण नुसत्या 'पिक'चा मुख्य अर्थ निवडणं किंवा खुडणं. फुलं 'पिक' करतात, संघ 'पिक' करतात. 'आय विल पिक यू' म्हणजे 'मी तुमची निवड करीन'. लंडनहून आलेल्या पाहुण्याला संदर्भावरून कळेल, पण क्षणभर थांबून कळेल. कंपनीच्या नावानं पाठवायच्या संदेशात तो क्षणही नको.

हा फरक पक्का करायला क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनासारखं दुसरं साधन मला सापडलेलं नाही. तिथं 'पिक' आणि 'पिक अप' शेजारी शेजारी येतात आणि कधीच एकमेकांच्या जागी जात नाहीत. निवड समिती संघ 'पिक' करते. फलंदाजाला लेगस्पिनरची गुगली 'पिक' करता येत नाही, म्हणजे हातातून सुटताना ती ओळखता येत नाही. चेंडूची शिवण नखानं कुरतडली तर 'पिकिंग द सीम', आणि तो गुन्हा. या तिन्हींत 'अप' नाही, कारण तिन्हींत एकातून दुसरं वेगळं काढायचंय: अनेकांतून अकरा, साध्या लेगब्रेकमधून गुगली, शिवणीतून दोरा. आणि विकेट मात्र 'पिक अप' करतात, कारण ती हाती येते, खात्यात जमा होते. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईतच जन्मलेला न्यूझीलंडचा एजाझ पटेल वानखेडेवर भारताचे एका डावातले दहाच्या दहा बळी घेऊन गेला, ते वाक्य इंग्रजीत असं: 'एजाझ पटेल पिक्ड अप ऑल टेन विकेट्स.' यातला 'अप' काढून वाचा. जणू दहा विकेट्स टेबलावर मांडल्या होत्या आणि त्याने त्या पसंत केल्या. पुढच्या सामन्याला आवाज बंद न करता कान देऊन बसा. दोन तासांत हे दोन्ही शब्द दहा वेळा येतील.

'अप' करतं काय, हे मराठी माणसाला समजणं खरं तर अवघड नाही. 'खाऊन टाक' यात कुणी काही टाकत नाही. 'करून बघ' यात डोळ्यांचं काम नाही. दुसरं क्रियापद स्वतःचा अर्थ सोडून पहिल्याला पूर्णत्व देतं, किंवा वेगळी छटा देतं. इंग्रजीत ते काम 'अप', 'ऑफ', 'आउट' असले छोटे शब्द करतात. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. 'खाऊन टाक'मधला 'टाक' जसा शोभेचा नाही, तसाच हा 'अप' शोभेचा नाही.

शब्दक्रमाचा नियम एकच, पण तो मोडला तर लगेच कानाला खटकतो. 'पिक अप द बॅग' बरोबर, 'पिक द बॅग अप' हेही बरोबर. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'पिक इट अप', 'पिक देम अप', 'पिक मी अप'. 'पिक अप इट' कधीच नाही. वर्गात मी टेबलावर किल्ल्या, छत्री आणि कागदांचा गठ्ठा ठेवते. एकेक वस्तू खाली पाडायची, समोरच्यानं शेजाऱ्याला ती उचलायला सांगायची, वस्तूचं नाव न घेता. किल्ल्या पडतात, आणि पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे 'पिक अप देम' म्हणतात. कारण 'पिक अप' त्यांच्या डोक्यात 'उचल' या एका अखंड शब्दासारखं बसलेलं असतं, आणि अखंड शब्द मध्ये कसा फोडायचा? मग मी विचारते, 'उचलून घे' यात 'तरी' घाला. सगळे न अडखळता म्हणतात, 'उचलून तरी घे.' बघा, फोडलंत की. दुसऱ्या फेरीत छत्री पडते तेव्हा 'पिक इट अप' आपसूक येतं.

सर्वनाम मध्येच का, हेही सांगते. इंग्रजी वाक्याचा शेवट वजनदार असतो. नवी, सांगण्याजोगी गोष्ट तिथं येते. 'इट' किंवा 'देम' म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट, ती त्या जागी शोभत नाही. याच कारणानं कर्म लांबलचक असेल तर ते शेवटीच ठेवावं: 'पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम नागपूर यस्टरडे.' एवढं सगळं मध्ये कोंबून शेवटी 'अप' आणलात, तर वाचणारा तोवर थकलेला असतो.

'पिक अप ऑन' हे मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याचा अर्थ बारीकशी खूण हेरणं, न बोललेलं ओळखणं. 'शी वॉज अपसेट, बट नोबडी पिक्ड अप ऑन इट.' इथं सर्वनाम शेवटी, 'ऑन'च्या मागं. मध्ये घुसवायचं नाही.

'टेक अप'शीही गल्लत होते. योगासनं सुरू करायची असं ठरवून सुरू केलीत तर 'आय टुक अप योगा'. घरात वडील रोज पेटी वाजवत आणि तुम्हाला बघून बघून बोटं फिरवता यायला लागली, तर 'आय पिक्ड इट अप फ्रॉम माय फादर'. एकात निर्णय आहे, दुसऱ्यात संगत. आणि मॅनेजरकडे विषय काढायचा असेल तर 'आय विल टेक इट अप विथ द मॅनेजर'. तिथं 'पिक अप' नाही.

फोनबद्दल दोन शब्द. 'ही इज नॉट पिकिंग अप' एवढं पुरतं, पुढं काही जोडायची गरज नाही. 'लिफ्ट द फोन' हे आपल्या 'फोन उचल'चं शब्दशः रूप आहे आणि भारताबाहेर ते जड वाटतं. 'कॉल' हा शब्द आणायचाच असेल तर 'आन्सर' किंवा 'टेक' घ्या: 'ही डिडन्ट टेक माय कॉल.' दुसऱ्याचा मजकूर किंवा परिच्छेद उचलण्याला मात्र 'लिफ्ट'च. तिथं मराठीचं उचलणं आणि इंग्रजीचं 'लिफ्ट' एकाच रांगेत येतात.

शेवटी तुमच्या ऑफिसातली एक खरी अडचण, कारण ती भाषेपेक्षा कामाची आहे. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, 'कॅन यू पिक धिस अप?' तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात: ही चर्चा तू पुढे चालव, किंवा हे काम तू अंगावर घे. सॉफ्टवेअरच्या टीममध्ये 'आय विल पिक इट अप' म्हणणाऱ्याच्या नावावर सहसा ते तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, चढतं. तुम्ही चर्चा समजून 'शुअर' म्हणालात, तर शुक्रवारी त्याचा हिशेब तुमच्याकडे मागितला जाईल. म्हणून सोबत 'टुमॉरो', 'आफ्टर लंच', 'व्हेअर वी लेफ्ट ऑफ' असं काही असेल तर बहुतेक वेळा चर्चा समजा. 'टिकेट', 'टास्क', 'बग' असेल तर काम समजा. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर तिथल्या तिथं विचारा: 'डू यू मीन द टास्क, ऑर द डिस्कशन?' यात इंग्रजी कच्चं दिसत नाही. अनुभवी लोकही हाच प्रश्न विचारतात.